मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मास्तर गाडीची किल्ली बोटात फिरवत खाली आले, तर बायको दुसऱ्या किल्लीनं दार उघडून आधीच स्टिअरिंगपुढे बसलेली. थंडी मी म्हणत होती, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि ही बया स्कार्फच्या टोकानं आतला आरसा पुसत होती.

"अगं, तिकडे काय करतेस? सरक."

"तुम्हीच पलीकडून या," ती म्हणाली, आणि पर्समधून एक लायसन्स काढून तिनं काचेला लावलं.

मास्तरांनी वाकून वाचलं. नाव तिचंच, फोटोही तिचाच, आणि तारीख गेल्या महिन्यातली. गाडीच्या बाहेर उभं राहून मास्तरांनी फोटो आणि बायको पुन्हा एकदा ताडून पाहिली.

आता मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ड्रायव्हिंग स्कूलचे. एक गाडी, एक पत्र्याची पाटी आणि दांडगा आवाज, एवढ्यावर त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. ते मास्तर म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती घरी बसून लोकांचे पडदे शिवायची, आणि जन्मात तिनं कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती अधूनमधून म्हणायची, मलाही शिकवा की. मास्तर म्हणायचे, तुला कुठं जायचंय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कुठं शिकलीस?"

"स्टेशनपलीकडे."

स्टेशनपलीकडे म्हणजे त्या दुसऱ्या स्कूलमध्ये. तिथं शिकवणाऱ्या बाईंना मास्तर घाईबाई म्हणत, कारण त्यांचे विद्यार्थी सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजवतात असा मास्तरांचा दावा होता. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गंमत अशी, की त्या तिळपापडाच्या तळाशी थोडं हायसंही वाटत होतं, आणि ते हायसं वाटणंच त्यांना सहन होईना. ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले आणि दार आपटून लावलं.

गोष्ट अशी होती. सोमवारी मास्तर कुणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथं एका यंत्राच्या वाटीत हनुवटी ठेवून बसवलं आणि हातात बटण दिलं. दिवा चमकलेला दिसला की दाबायचं. बराच वेळ काही दिसेना. तेव्हा मास्तरांनी परीक्षेतल्या ढ पोरासारखं अंदाजपंचे दाबायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या होत्या. "मास्तर, दिवा लागलाच नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत. यंत्राला कळतं ते." मग हसू थांबवून त्यांनी सांगितलं, की हा काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसेल, पण कडा गेल्या आहेत, डावीकडच्या जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. आणि गाडी बंद. चालवणंही आणि शिकवणंही.

मास्तरांनी थेंबांची बाटली कोटाच्या आतल्या खिशात लपवली आणि मंगळवारी नेहमीप्रमाणे शिकवणी घेतली. बुधवारीही घेतली. उद्या सकाळी सातला औषधवाल्याची मुलगी पहिल्यांदा हायवेवर गाडी काढणार होती, शेजारी मास्तर. तिला ते नाही म्हणू शकले नव्हते. आज समुद्रगायी बघायला झऱ्यांवर जाऊ तेव्हा बायकोला सांगू, असं त्यांनी रात्री ठरवलं, आणि सकाळी दात घासताना ठरवलं, की नको, उद्याचा एक तास होऊन जाऊ दे.

गाडी निघाली. शिकवणीची गाडी असल्यानं मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक होता. विद्यार्थी चुकला की मास्तर तो दाबत. मास्तरांना पायात भिंगरी असल्यासारखं झालं. पाय उचलायचा, ब्रेकवर ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. पहिल्या चौकात त्यांनी हळूच दाबला. दुसऱ्या चौकात जरा कमी हळू.

"पाय आवरा," ती म्हणाली.

"सवय आहे गं."

"मग हातांची घडी घाला."

"ब्रेक हातानं दाबतात का?"

ती हसली नाही. ती गाडी छान चालवत होती, हेच मास्तरांना जास्त खुपत होतं. गिअर लोण्यासारखा पडत होता. घाईबाईंनी शिकवलेल्या माणसानं इतकं सावकाश वळावं हे त्यांना पटेना. खोट काढायला जागा सापडेना, तसे ते खिडकीची काच खाली-वर करत राहिले.

शहराबाहेर पडल्यावर एका वळणावर तिनं वेग कमी केला. का, ते मास्तरांना समजेना. रस्ता तर मोकळा होता. आणि मग एकदम, आकाशातून टपकल्यासारखा, काचेसमोर एक सायकलवाला आला. मास्तरांनी सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गचकली, पर्स खाली पडली, आणि मागून येणारा ट्रक कर्कश ओरडत वीतभर अंतरावर थांबला. सायकलवाला शांतपणे पुढं निघून गेला. ट्रकवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून मास्तरांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

तिनं गाडी कडेला घेतली.

"तो मला केव्हाचा दिसत होता. म्हणून तर मी हळू केली होती. तुम्हाला कधी दिसला?"

"मलाही दिसतच होता."

"मग एवढा ब्रेक?"

"काळजी म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं, तसं मास्तरांना वाटलं, हिला सगळं कळलंय. मग वाटलं, छे, कसं कळेल. तिनं पर्स उचलून मांडीवर ठेवली, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

झऱ्यांपाशी पोचले तेव्हा ऊन नुसतं नावाला होतं. झाडांमधून एक लाकडी वाट पाण्यावर गेली होती, आणि पाण्यावरून वाफ निघत होती. जमिनीतून बाराही महिने सारखंच कोमट पाणी येतं म्हणे. समुद्र गारठला की समुद्रगायी नदीनं वर येतात आणि थंडी संपेपर्यंत इथं पडून राहतात. गवत खाणं सोडलं तर गायीचं त्यांच्यात काही नाही. भरलेल्या पोत्यासारखं करडं अंग, तोंडावर मिशा, आणि घाई कशाचीच नाही.

बायकोला त्या बघायच्या होत्या लग्न झाल्यापासून. दर हिवाळ्यात ती म्हणायची, आणि दर हिवाळ्यात मास्तर म्हणायचे, पुढच्या वर्षी. यंदा मात्र तिनं ऐकलं नव्हतं. यंदाच, म्हणाली, आणि याच आठवड्यात. असा हट्ट ती कधी करायची नाही.

मास्तर कठड्याशी पाच मिनिटं उभे राहिले, मग वाटेवरून येरझाऱ्या घालू लागले. आता सांगावं. नाही, चहा झाल्यावर. चहा झाल्यावर तरी कसं सांगायचं? मी आता गाडीवाला मास्तर नाही, मग कोण आहे मी, नुसता मास्तर? पाटी उतरवायची? गाडी विकायची? आणि सकाळी सातला उठून करायचं काय, पडद्यांच्या दोऱ्या ओवायच्या?

"आजोबा," झऱ्यावरची रखवालदार पोरगी कुजबुजली, "बुटांचा आवाज खाली पाण्यात जातो. बिचकतात त्या."

आजोबा! मास्तर मुकाट्यानं बायकोशेजारी येऊन उभे राहिले. पाण्यात समोर एक गाय दिसत होती, पाठीवर शेवाळ आलेली. ती वर आली, नाकपुड्या उघडून फुस्सकन श्वास सोडला, आणि पुन्हा खाली गेली. बायकोनं त्यांचा दंड धरला. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"अहो, ते बघा," ती हळूच म्हणाली. "पिल्लू. आईला चिकटलंय, डावीकडं."

मास्तरांनी डावीकडं डोळे नेले. करडं पाणी, वाफ. "हो हो," ते म्हणाले. "केवढंसं आहे! गोड आहे नाही?"

दंडावरचा हात तसाच राहिला, फक्त घट्ट झाला.

"अहो," ती म्हणाली. "पिल्लू नाहीये."

डॉक्टरीणबाईंच्या यंत्रापुढे बसलो होतो तसेच आपण इथं उभे आहोत, आणि पुन्हा न लागलेल्या दिव्याला बटण दाबलंय, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. काहीतरी चलाख बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"कडा गेल्यात गं माझ्या. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाल्या, गाडी बंद."

"कधी म्हणाल्या?"

"सोमवारी."

"आणि मंगळवारी तुम्ही शिकवायला गेलात."

"गेलो."

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चिडली. आवाज न चढवता चिडली, आणि ते फार वाईट असतं. "कपाटाची कड तुम्हाला खांद्याला लागायला लागली, तेव्हापासून मी म्हणतेय, डोळे दाखवा. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला तुम्ही रोज सांडता. दारं अरुंद झाली का आपल्या घराची? मी काय हौस म्हणून गेले स्टेशनपलीकडे? तुम्हाला विचारलं असतं तर म्हणाला असता, तुला कुठं जायचंय."

मास्तरांना हे सगळं ऐकू येत होतं, आणि त्यात आपली बाजू कुठंच नाही हेही समजत होतं. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मग मी करू काय गं? घरात बसून काय करू?"

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. पण उद्या सातला तुम्ही त्या पोरीच्या शेजारी बसणार नाही, एवढं माहितेय. आज मागचा ट्रक थांबला. उद्याचा थांबला नाही तर?"

खाली पुन्हा कुणीतरी श्वास सोडला. मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं डोळे फिरवले, काही दिसलं नाही. तेव्हा तिनं त्यांची हनुवटी धरली. चारचौघांत असं तिनं कधी केलं नव्हतं.

"पोरांना काय ओरडून सांगता तुम्ही? नुसते डोळे नकोत. मान वळवा, मान."

तिनं त्यांची मान डावीकडे वळवली, सावकाश, गंजलेला नळ फिरवावा तशी. आणि अगदी पायाशी, कठड्याच्या खाली, मास्तरांना एक भलीमोठी समुद्रगाय दिसली. केव्हाची तिथंच असणार. एवढं मोठं धूड हातभर अंतरावर, आणि आपल्याला पत्ता नाही! गायीनं मिशाळ तोंड वर करून त्यांच्याकडं बघितलं, कंटाळल्यासारखं, आणि डोळे मिटले.

"मी यंदाच का म्हणाले, कळलं का?" ती म्हणाली. "तुम्हाला दिसताहेत तोवर बघून व्हाव्यात म्हणून."

मास्तरांनी मान डोलावली. बराच वेळ ते हलले नाहीत. सबंध दिवसात पाय एका जागी ठरले ते तेवढेच.

चहा गाडीत बसून प्यायले. मग मास्तरांनी फोन काढला आणि औषधवाल्याच्या मुलीला लावला. ती आनंदानं ओरडलीच, "सर, उद्या हायवे ना?" मास्तरांनी घसा खाकरला. पाऊस येणार आहे म्हणावं, गाडी बिघडली म्हणावं, असं दोन-तीनदा जिभेवर आलं.

"उद्या नाही," ते म्हणाले. "मला बाजूचं दिसत नाही गं आता. मी शिकवू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय. तू स्टेशनपलीकडे जा. त्या बाई चांगल्या शिकवतात." मग जरा थांबून म्हणाले, "सावकाश वळायला तरी नक्कीच शिकवतात."

फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले. बायकोनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गाडी सुरू केली.

परतीच्या रस्त्यावर पाय पुन्हा वळवळायला लागला. मास्तरांनी त्याला रागे भरून पाहिलं, मांडी चिमटून पाहिली. शेवटी त्यांनी बूट काढले, मोजे तसेच ठेवले, आणि पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. गुडघा दाराला लागत होता, पट्टा पोटाला काचत होता. तिनं एकदा वळून पाहिलं.

"हे काय?"

"तू पुढं बघ."

शहरात शिरल्यावर एका चौकाआधी गाडी हळू झाली आणि थांबली. मास्तरांना समोर रस्ता मोकळा दिसत होता. मांडीखाली पाय टाचेपासून उसळला, आणि जागच्या जागी राहिला. जन्मभर दुसऱ्याला रस्त्यावर काय आहे ते सांगणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"बाई आहे एक. बाबागाडी घेऊन. मान वळवा, दिसेल."

त्यांनी मान वळवली. बाबागाडीची पुढची चाकं रस्त्यावर उतरली होती, आणि लोकरीच्या टोपीतून एक इवलासा चेहरा गाडीच्या दिव्यांकडं बघत होता. बाई चालत समोरून गेली, आणि जाताना मास्तरांकडं बघून तिनं आभाराचा हात केला.

मास्तरांनी अंगठ्यानं आपल्या बायकोकडं खूण केली, म्हणजे आभार तिकडं.