कोपराच्या मापाचं टेबल

"कड फाटली," आतल्या खोलीतून रेश्मा म्हणाली.

हरिदासने परातीत पाहिलं. खरंच फाटली होती. एका बाजूने चांगली बोटभर चीर गेली होती.

"तुला कसं कळलं गं? तोंड तर भिंतीकडं हाय तुजं."

"कानाला कळतंय की. थाप एकीकडंच पडाय लागली का फाटतीच. पान्याचा हात लावा आनि परत मळा."

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सुताने भरलेला जड रूळ, म्हणजे बीम, मागावर चढवणारा हा बावन्न वर्षांचा गडी मूठभर पिठापुढे रोज हार खायचा. त्याची भाकरी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा नकाशा, तोही अक्कलकोटच्या अंगाने फाटलेला, असं रेश्मा म्हणायची. पूर्वी हसून म्हणायची. हल्ली नुसतंच म्हणायची. हरिदासने भाकरी मोडून पुन्हा गोळा केला आणि टेबलावर वाकला. टेबल त्याला चांगलंच बुटकं पडत होतं.

"आवो, इटा घाला की त्या टेबलाखाली. लई वाकताय. आता तुमची बी कंबर गेल्यावर कोन बघनार?"

"बरं हाय. सवय झालीया."

हे भांडण वर्षाहून जुनं होतं. एरवी बायकोचा शब्द खाली पडू न देणारा हरिदास या एका बाबतीत ऐकत नव्हता. कारण ते टेबल रेश्माच्या मापाचं होतं.

रेश्माने वीस वर्षं जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या. नवी पेठेतल्या दोन दुकानांत तिच्या कडक भाकऱ्या जायच्या. पापडासारख्या पातळ, महिना महिना टिकणाऱ्या. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, पाठ शेगडीकडे झुकलेली, अशी ती सकाळी बसायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर उठायची. पुढे पुढे तिला उठताना भिंत लागायला लागली. मग कंबरेतला एक मणका दुसऱ्यावरून सरकल्याचं निघालं. डॉक्टरांनी दोन्ही मणके स्क्रू आणि सळया घालून एकमेकांना जोडले आणि बजावलं, आता जमिनीवर बसणं बंद, वाकणं बंद.

तेव्हा हरिदासने दवाखान्याच्या व्हरांड्यातच तिला उभी केली, हात कोपरात दुमडायला लावला आणि कारखान्यातून आणलेलं पांढरं सूत कोपराच्या जरा खालपासून जमिनीपर्यंत सोडून तोडून घेतलं. त्या मापाचं लोखंडी टेबल त्याने वेल्डरकडून करून आणलं. घरी आल्यावर रेश्मा त्या टेबलापुढे उभी राहिली, हात ठेवून बघितले आणि लाजली. एवढं माप घेऊन तिच्यासाठी आजवर कुणी काही केलं नव्हतं. माहेरी ती चौथी मुलगी होती. ते सूत तिने टाकू दिलं नाही. टेबलाच्या एका पायाला वर गाठ मारून तिने ते सोडून ठेवलं. बरोबर जमिनीला टेकायचं.

पाच महिने ती त्या टेबलाशी उभी राहिली. मग डाव्या पायातून कळा यायला लागल्या. हाड जुळलंच नव्हतं. पुन्हा पाठ उघडली, जुने स्क्रू काढले, जाड घातले. त्या वेळी कुशीवर वळवताना ती अशी ओरडायची की शेजारच्या खाटेवरची बाई कानांवर हात ठेवायची. शेवटी हरिदास नर्सला म्हणाला, मी वळवतो. भरलेलं बीम दोघांनी उचलताना एक टोक पुढे आणि एक मागे राहिलं की सगळं सूत बिघडतं, ते त्याच्या हातांना तीस वर्षं माहीत होतं. एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली घालून तो म्हणायचा, "हांऽऽ, चल." आणि रेश्मा पिळा न पडता, सबंध वळायची. नर्सने बाकीच्या नातेवाइकांना बोलावून ते दाखवलं होतं.

हे दुसरं ऑपरेशन लागू पडलं होतं. चौथ्या महिन्यात ती गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायला लागली. एक दिवस टेबलापुढे उभं राहून तिने तीन भाकऱ्या थापल्या. हरिदासने तिन्ही खाल्ल्या, तिच्यासाठी एकही ठेवली नाही, याचंसुद्धा त्याला भान राहिलं नाही.

आणि मग करकंबहून सोजरआत्या आली.

सोजरबाई हरिदासच्या बापाची बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तिथून पुढे आत्यानेच त्याला वाढवला. त्या दिवशी दारात अचानक तिला बघून हरिदासला आनंदाचं भरतं आलं. तो आत वळून ओरडला, "रेश्मा, आत्या आलीया बघ! ये, पाया पड की."

एवढंच. लहानपणापासून घरात वडीलधारं माणूस आलं की जे म्हणायचं, तेच तो म्हणाला. आणि सव्वीस वर्षं सासर केलेली रेश्मा पुढे आली आणि वाकली. डॉक्टर, कंबरेचा पट्टा, स्क्रू, काही मनात यायच्या आत अंग वाकून मोकळं झालं होतं. काट्‌ असा आवाज तिला एकटीला ऐकू आला. ती तशीच उठली, आत्याला पाणी दिलं, चहा केला, हसून बोलली. आत्या एसटीला गेल्यावर खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आवो, आत कायतरी तुटलंय."

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? हरिदासने तोंड उघडलं, तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "पिठाचा डबा उचलाय वाकले." डॉक्टर दहा मिनिटं तिला बोलले. इतकं सांगून कळत नाही का, आम्ही काय गंमत म्हणून स्क्रू घालतो का. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि हरिदास शेजारी तोंड मिटून उभा राहिला. हाड नीट धरलेलंच नव्हतं, सळई आज ना उद्या तुटलीच असती, असंही डॉक्टर नंतर म्हणाले. पण ते हरिदासच्या डोक्यात शिरलंच नाही. त्याच्या डोक्यात फक्त त्याचा स्वतःचा आवाज होता. पाया पड की.

तिसरं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. कंबरेचं हाड काढून मणक्यांत भरलं, सळया आणखी वरपर्यंत नेल्या. तेव्हापासून रेश्मा खाटेवर होती. मांडीपासून टाचेपर्यंत कुणी निखारा फिरवतंय असं तिला व्हायचं. गोळी घेतली की ओकारी, नाही घेतली की कळ. कळ आली की ती पदराचा बोळा दातांत धरायची आणि हरिदास तिचा तळपाय दाबत बसायचा. दाबून काही होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याला वाटायचं, ही एकदा तरी आपल्याला शिव्या देईल तर बरं. ती देत नव्हती.

काल तो तिचा नवा एक्स-रे घेऊन एकटाच डॉक्टरांकडे जाऊन आला होता. स्क्रू पुन्हा ढिले झाले होते. आणखी एकदा उघडावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि या खेपेला जमेलच असं मी सांगू शकत नाही. "करू, साहेब," हरिदास म्हणाला. पुढचं काही विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन त्याने रेश्माला सांगितलं, "बरं हाय म्हनले," आणि एक्स-रेचं पाकीट पिठाच्या डब्यामागे सारून ठेवलं.

आणि आज आत्या येणार होती. सकाळीच तिचा फोन आला होता.

"मला उभं करा," रेश्मा म्हणाली.

"कशाला? पडून ऱ्हा की. आत्या काय परकी हाय व्हय?"

"आत्याबाई येतील तवा मी आडवी नको. करा उभं."

हरिदासने हात धुतले. एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली. "हांऽऽ, चल." ती वळली. मग पाय खाली सोडले, मग पट्टा आवळला, मग वॉकर पुढे ठेवला. मध्ये दोनदा थांबावं लागलं. ती उभी राहिली तेव्हा तिच्या ओठावर घामाचे थेंब होते, पण पदर नीट खांद्यावर होता.

आत्या आत आली ती थबकलीच. "अगं, उटलीस कशापायी?"

आत्याचे पाय समोर दिसले तसं रेश्माचं अंग पुढे झुकायला गेलं आणि पट्ट्याने तिला जागच्या जागी धरलं. तिचे डोळे भरले. "आत्याबाई, पाया पडाय येत न्हाय आता."

"न्हाय पडलीस म्हनून काय झालं? ऱ्हा सुखानं. निज, निज बाई."

हरिदासने तिला परत निजवलं. आत्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसली. तो चहा घेऊन आला तेव्हा ती म्हणत होती, "पर ह्ये परत मोडलं कसं म्हनायचं? मागं मी आलते तवा तर झ्याक हिंडत हुतीस."

कप हरिदासच्या हातात तसाच राहिला. "तू आलतीस तवाच झालं, आत्या," तो म्हणाला. "मीच म्हनलो पाया पड म्हनून. ती वाकली आनि मोडलं."

"कायबी बोलू नका," रेश्मा खाटेवरून म्हणाली. "पिठाचा डबा उचलताना झालं. डॉक्टरला सांगितलंय की मी."

"डॉक्टरला खोटं सांगितलंस तू."

"पाट माजी हाय. कशानं मोडली ते मला ठावं."

खुर्चीवरून आत्याचे पाय खाली सुटलेले होते, भेगाळलेले, जोडव्यांच्या जागी पांढरे वळ उरलेले. तिने एक पाय वर घेतला. ऐंशी वर्षांचा गुडघा, दोन्ही हातांनी धरून वर ओढावा लागला. मग दुसरा. दोन्ही पाय तिने लुगड्याखाली झाकून घेतले आणि तशीच आवळून बसली. चहा निवून गेला.

हरिदासला आता थांबवेना. त्याने डब्यामागून पाकीट काढलं. "अजून एकदा करायचं हाय, रेश्मा. डॉक्टर म्हनल्यात. या बारीला मी तुला जागची हलू देनार न्हाय. कारखान्यातनं रजा घेतो, सोडतो पायजे तर. पर तू बरी हुशील."

रेश्माला नवल वाटलेलं दिसलं नाही. "मला कालच कळलं हुतं. काल सांजच्यापास्नं तुमची थाप सरळ पडंना. सकाळच्याला तीन भाकऱ्या फाडल्या तुमी."

"मग करू या की."

"जमंल म्हनला का डॉक्टर?"

हरिदासने हातातलं पाकीट उलटसुलट केलं.

"आवो, हिकडं बगा," रेश्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच लागलं. "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून मी परत चिरून घ्यू व्हय? तीनदा घेतलं. आता माज्यात न्हाय. दुकतंय ते दुकू द्या, पर हितं घरात दुकू द्या."

हरिदास खाटेच्या पायथ्याशी बसला आणि रडला. आत्यापुढे, सहा वर्षांचा असताना रडला होता तसा, नाक ओढत. आत्याने त्याला पदराजवळ घेतलं नाही. खुर्चीवरून फक्त म्हणाली, "तिचं ऐक, लेका."

आत्या निघाली तेव्हा हरिदास सवयीने तिच्या पायांकडे वाकला. आत्या उंबऱ्याबाहेर सरकली. "नगं," ती म्हणाली. "हितनं फुडं माज्या कुनी पाया पडू नगा." चपला सरकवून ती रिक्षाकडे चालायला लागली, आणि रिक्षा सुटेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

उन्हं उतरल्यावर हरिदास परसात गेला. न्हाणीच्या भिंतीतून उरलेल्या विटा तिथे पडल्या होत्या. त्याने त्या धुऊन आणल्या. टेबलाचा एकेक कोपरा खांद्याने उचलून त्याने प्रत्येक पायाखाली वीट सारली. लोखंड फरशीवर करकरलं.

"किती घातल्या?" रेश्माने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"येकयेक."

"अजून येकयेक घाला. तुमचं कोपार लई वर हाय."

त्याने घातल्या. टेबल डुगडुगतंय का ते हाताने दाबून पाहिलं, मग परात ठेवली, पीठ घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला न वाकता उभं राहता येत होतं. थाप पडायला लागली. आत खाटेवर काहीच आवाज नव्हता. ती ऐकत होती, हे त्याला कळत होतं. भाकरी वीतभर पसरली तेव्हा तो थांबला.

"कड?" त्याने विचारलं.

"न्हाय फाटली," रेश्मा म्हणाली.

त्याने भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि पिठाचे हात झटकताना त्याची नजर खाली गेली. टेबलाच्या पायाला बांधलेलं पांढरं सूत जमिनीपासून दोन विटा वर लोंबत होतं.