बापाच्या सहीचा बाँड

मुडबीच्या अंगणवाडीत अठरा वर्षं सेविका असलेल्या शोभाबाईला कागदांचं भय नव्हतं. मुलांच्या वजनाचे तक्ते, लसीकरणाच्या याद्या, वरून येणारी नवनवी पत्रकं, हे सगळं तिनं आजवर निस्तरलं होतं. पण लेकीला एका सत्रासाठी पोलंडला शिकायला पाठवायचं म्हणजे काय काय लागतं, ते ऐकल्यावर तिनंही डोक्याला हात लावला.

रूपाली गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करत होती. तिकडच्या विद्यापीठाशी कॉलेजचा करार होता, दरवर्षी इथले दोघे तिकडं जायचे. तिचा पासपोर्ट झाला, त्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला. इंग्रजीची परीक्षा झाली. तिकडं शिकलेले विषय इथल्या कुठल्या विषयांच्या बदल्यात धरायचे, त्याचा तक्ता करून त्यावर विभागप्रमुखांची सही मिळवायला पोरीनं चार खेटे घातले. शिष्यवृत्तीचं पत्र आलं, विम्याची चौकशी झाली. आता एकच गोष्ट उरली होती. परदेशी देवाणघेवाणीचं काम बघणाऱ्या वीरण्णा सरांनी तिचं नाव कॉलेजतर्फे तिकडं कळवायचं होतं. ते आज संध्याकाळी पाचपर्यंत गेलं नाही, तर आधीची सगळी धावपळ मातीत. आणि ऐन शेवटच्या दिवशी सरांनी कळवलं, आधी घरी येऊन वडिलांना भेटतो.

अकराच्या सुमाराला गाडी दारात थांबली. सरांच्या सोबत त्यांच्या मिसेस होत्या, त्यांना पुढं बसवकल्याणला जायचं होतं. गाडीतून नवरा-बायको उतरलेली बघितली आणि शेजारच्या गुरुबाईनं जो काढायचा तो अर्थ काढला. मागच्या दारानं आपली चांगली मोरपंखी साडी घेऊनच ती आत शिरली.

"शोभा, पोरीला हे नेसव लवकर. ड्रेसवर कामून ठेवलीस तिला? पोरगा काय करतो म्हणं?"

"अक्का, कॉलेजचे सर हायेत ते. बघायला न्हाई आले कुणी," शोभाबाई हसून म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली. थोड्याच वेळात तिचं हसू मावळणार होतं.

बाहेर तिचा नवरा नरसिंग अवघडून बसला होता. तो गवंडी. दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करण्यात त्याची हयात गेली, पण शिकलेला माणूस समोर आला की त्याची पाठ आपोआप वाकायची. शोभाबाईला त्याचं हे कधी आवडलं नाही. वीरण्णांनी आधी घर न्याहाळलं, मग विचारलं, घरात माणसं किती, मोठ्या मुलीला कुठं दिलं, हिच्यासाठी स्थळं येतात का, आणि सरतेशेवटी, "लग्नाचं काय ठरवलंय?"

दारात उभ्या गुरुबाईनं शोभाबाईला कोपरानं ढोसलं. मी काय म्हणाले होते, असा तिचा चेहरा. आणि खरंच, ती चुकली कुठं होती?

मग सरांनी बॅगेतून कागद काढला. कॉलेजच्या छापील कागदावर लिहिलं होतं की, मी खाली सही करणार वडील लिहून देतो की माझी मुलगी परदेशातून परत येईपर्यंत तिचं लग्न करणार नाही, तसं केल्यास होणाऱ्या परिणामांना मी जबाबदार राहीन.

"दोन वर्षांखाली एका पोरीचं नाव पाठवलो आम्ही," वीरण्णा म्हणाले. "जानेवारीत जायचं, डिसेंबरात तिचं लगीन. जागा फुकट गेली. कॉलेजचं नाव खराब होतंय बघा. तेवढी सही करा, मी लगेच नाव पाठवतो."

नरसिंगनं पेन हातात घेतलंसुद्धा. "करतो की सायेब, त्यात काय."

शोभाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. जागा फुकट गेली म्हणे! त्या पोरीचं काय झालं, ते एका शब्दानं नाही. पहिलीपासून या लेकीला शाळेत सोडायला आपण गेलो, अर्ज आपण भरले, आणि सही मात्र बापाची. तीही कशावर, तर आम्ही पोरीचा घात करणार नाही यावर.

"थांबा वो," तिनं नवऱ्याचा हात धरला. "सर, दुसरं नाव हरिओमचं हाय न्हवं? त्याच्या घरी जाऊन आलात?"

"तो मुलगा आहे."

"मंग मुलाचं लगीन होत न्हाई व्हय?"

"तसं नाही अक्का, तुम्ही समजून घ्या..."

"सर," चहा घेऊन बाहेर आलेली रूपाली बोलली, "मागच्या वर्षी शिवप्रसाद महिन्याभरात परत आला, तिकडचं जेवण जमंना म्हणून. ती पण जागा फुकटच गेली की. मंग हरिओमला भाकरी थापता येती का, बघून आलात का तुमी?"

सरांच्या मिसेसना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. वीरण्णांचा चेहरा मात्र उतरला. "हे बघ, माझ्याकडं वेटिंगला तीन नावं आहेत. पाचपर्यंत वेळ आहे. पुढचं तुझं तू ठरव."

नरसिंग बायकोकडं बघत होता. शोभाबाईच्या मनात आलं, आपल्या रागापायी पोरीचं वाटोळं झालं तर? करू द्यावी का नवऱ्याला सही?

रूपालीनं कागद उचलला, उजेडात नीट धरला आणि मोबाईलनं त्याचा फोटो काढला.

"हे कामून?" वीरण्णांनी विचारलं.

"तिकडच्या यादीत हा कागद न्हाई सर. सगळीकडं माझीच सही मागितलीय, मी सज्ञान हाय म्हणून. कागदपत्रं बघणाऱ्या तिथल्या बाई मला मेल करतेत. त्यांना हे पाठवून विचारते, बापाची सही लागती का, आणि हरिओमच्या बापाची पण लागती का."

वीरण्णा झटकन उठले. "अगं, तिकडं कशाला? आपल्यातली गोष्ट ही. नुसती फॉर्मॅलिटी."

त्यांनी कागद घडी घालून बॅगेत कोंबला. तिथंच बसून लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत रूपालीच्या मोबाईलवर मेल आली, तुमच्या कॉलेजनं तुमचं नाव पाठवलं आहे. सरांनी फोटो पुसून टाकायला सांगितलं. रूपाली बघते म्हणाली, पण पुसला नाही. गाडी गेली.

नरसिंगनं पोरीला जवळ घेतलं, त्याचे डोळे भरून आले. गुरुबाईला नीटसं काही कळलं नव्हतं, तरी तिनं रूपालीच्या तोंडात साखर घातली. शोभाबाई तेवढी उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडं बघत होती.

"झालं की आता मनासारखं," नरसिंग म्हणाला. "आणखी कामून तापायलीस?"

"माझ्या घरात बसून, माझ्या तोंडावर, माझ्या पोरीचं लगीन काढला तो," शोभाबाई म्हणाली. "तवा त्याला काईच वाटलं न्हाई. तिकडच्या बाईला कळंल म्हणल्यावर लाज वाटली. तिची वाटली त्याला. माझी न्हाई वाटली."