झाडाचा नमस्कार

गुरुवारी सांजावायला लागलं की माझ्या भावाच्या घरापुढे चपलांचा ढीग पडायचा. अंगणात लाल सरबताच्या बाटल्यांची रांग लागे, कारण आमच्याकडच्या देवाभुतांना लाल सरबत भारी आवडतं. पायरीपायरीवर बायका उदबत्त्या घेऊन उभ्या असत. आत शिरायला मिळावं म्हणून ढकलाढकली चाले, आणि हे सगळं कशासाठी? बादलीत लावलेल्या गांजाच्या एका झाडासाठी.

मीही एका गुरुवारी गेले. भाऊ थावोर्न दारातच अडवायला लागला.

"ताई, आत वाद घालायचा नाही हं. शपथ घे."

"मी तुझी मोठी बहीण आहे. शपथा तू घ्यायच्या, मी नाही," म्हणून मी आत घुसले.

ती खोली एकेकाळी माझ्या भाचीची, प्रेवची होती. आता भिंतींवर मासे भाजायचे चंदेरी कागद चिकटवलेले होते, खिडक्यांना काळं प्लास्टिक. मधोमध छातीएवढं झाड, पानं पार खाली लोंबलेली, मार खाल्लेल्या पोरासारखी. झाडापुढे मेणबत्ती, मेणबत्तीपुढे प्रेव, आणि प्रेवच्या मागे पांढऱ्या कपड्यांतले आचान प्रामोत. आचान म्हणजे गुरुजी. हा माणूस भिक्षूही नव्हता आणि वैद्यही नव्हता. आमच्या सरकारनं गांजा घरी लावायला मोकळीक दिली, त्या वर्षी तो बाजारात झाडं वाढवायचे दिवे आणि रोपं विकायला बसला, आणि वर्ष सरता सरता गुरु होऊन उठला.

"झाडाला आत्मा आहे!" आचान घुमत होते. "आत्म्याला कान आहेत! त्या कानात फक्त माझा आवाज जातो!"

मग मंत्र सुरू झाले. लांबच लांब. उदबत्त्या जळत आल्या तशी पानं हलायला लागली. वारा नाही, कुणाचा हात नाही. लोंबलेली पानं हळूहळू वर आली, आडवी झाली, मग टोकं आभाळाकडे. हात जोडून उभं राहावं तसं ते झाड उभं राहिलं. आणि वरचा मोठा दिवा भप्पकन लागला.

"साधु! साधु! साधु!" म्हणजे धन्य, धन्य असं म्हणत सगळी खोली पालथी पडली. शेजारची साइंग तेवढी पडली नाही. ती पानांची बोटं मोजत होती, लॉटरीच्या आकड्यासाठी.

मी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या तोंडाला कुलूप नाही.

"आचान, दिवा घड्याळावर लागतो. भिंतीवर तुमच्या त्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलंय ते काय आहे?"

आचान चिडले नाहीत. हसले.

"बाई बरोबर बोलतात. घड्याळच आहे. मीच लावलंय. पण बाई, एवढंच सांगा. पानं आधी उठली की दिवा आधी लागला?"

पानं आधी उठली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं, मीही.

"मेणबत्तीच्या उबेनं उठली असतील," मी म्हणाले. आचाननी मेणबत्ती उचलून माझ्या हातात दिली. "घरी न्या बाई. तुमच्या भेंडीच्या झाडापुढे लावा. हात जोडते का बघा."

सगळी खोली हसली. मेणबत्ती घेऊन मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते.

हसण्यावारी न्यायची गोष्ट असती तर मी गप्प बसले असते. पण प्रेवला फेफरं येतं. लहानपणापासून. तिची आई अशीच फिट येऊन तळ्यात गेली होती, कमरेएवढ्या पाण्यात. थावोर्न तेव्हापासून पोरीला एकटी अंघोळीलाही जाऊ देत नाही. गोळ्या चालू असतानाही शाळेत तिला दोनदा फिट आली, आणि त्यानं कुठेतरी ऐकलं की गांजाच्या तेलानं फिटा थांबतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. काही प्रकारच्या फेफऱ्यात डॉक्टर त्यातलं शुद्ध केलेलं औषध थेंब मोजून देतात, बाकीच्या गोळ्या चालू ठेवून. पण थावोर्नला एवढं कोण सांगणार? प्रवासी पिकअप चालवणारा माणूस. त्यानं उभ्या जन्मात मिरची लावली नव्हती. पहिलं रोप पाणी घालघालून कुजवलं. दुसऱ्याला तांदळाचं धुवण, माशाचं पाणी, वर रोज गाणी. तेही पिवळं पडलं. मग बाजारात आचान भेटले. दिवा दिला, पंखा दिला, रोप दिलं, आणि सोबत फुकटात नियमही दिले. गुरुवार सोडून खोलीत फक्त आजारी माणसानं जायचं, पाणीही तिनंच घालायचं. पिवळ्या फडक्याला हात लावायचा नाही. आणि गोळ्या बंद.

"गोळी म्हणजे रसायन, रसायन म्हणजे विष! विषाचा वास आला की झाड मान टाकतं!"

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. प्रेव चुलीशी चिकट भाताची टोपली उतरवत होती. टोपली पडली, मग ती पडली. मी तिला चुलीपासून ओढलं, कुशीवर केलं, डोक्याखाली ओढणी घातली. थावोर्न झाडाखालचं पाणी वाटीत घेऊन धावत आला आणि तिच्या तोंडात ओतायला लागला. मी त्याच्या हातावर फटका मारला.

"तोंडात काही घालू नकोस! श्वास अडकेल तिचा!"

"सोड ताई! तिच्या आईच्या वेळी मी नुसता बघत राहिलो!"

वाटी सांडली. थोड्या वेळानं फिट आपोआप ओसरली, तशी ती ओसरतेच. थावोर्न घामानं निथळत म्हणाला, "बघितलंस? पाणी आणलं आणि थांबली."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! मी रडकुंडीला आले होते. त्याच आठवड्यात मी प्रेवला इस्पितळात नेऊन आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. ती शाळेत माझ्या खोलीत येऊन दोन्ही वेळची गोळी घ्यायला लागली, सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी शिकवणीच्या निमित्तानं, सुटीच्या दिवशी माझ्या घरी. बापाला पत्ता नव्हता.

गोळ्या लागू पडल्या. फिटा थांबल्या. आणि मग जे झालं ते मला सुचायला हवं होतं. आचाननी प्रेवला गर्दीपुढे उभं केलं.

"ही पोर पाहा! गोळी नाही, इस्पितळ नाही! कुणी बरं केलं?"

"झाडानं!" गर्दी ओरडली.

दुसऱ्या दिवशी प्रेव माझ्या खोलीत आली. गोळी तळहातावर धरून नुसती बघत राहिली.

"आत्या, गोळी मी इथे घेते आणि पुण्य तिकडे जमा होतं."

"होऊ दे. तू जिवंत आहेस."

"साइंगकाकूंनी काल साखरेच्या सुया टाकून दिल्या. म्हणाल्या, प्रेव बरी झाली, मग मला कशाला भोकं पाडून घ्यायची?"

साइंगला इन्सुलिनवाचून चालणारच नव्हतं, तिला त्याच सुयांनी जगवलं होतं. मी तडक तिच्याकडे जाऊन भांडले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही भेंडीपुढे मेणबत्ती लावा."

मी परत आले तर प्रेव तिथेच बसली होती.

"आत्या, एक सांगू? झाड रोज हात जोडतं."

"रोज म्हणजे?"

"रोज संध्याकाळी. मंगळवारी, शुक्रवारी, कधीही. मी एकटी असते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आचान रोज मनानं येऊन जातात."

मी खिडकीबाहेर पाहिलं. शाळेच्या आवारात चिंच आहे. ऊन कलायच्या आतच तिची पानं मिटायला लागतात, आणि पहाटे उजाडायच्या आत उघडायलाही लागतात. ती चिंच दाखवून मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले होते आणि तीच विसरले होते! झाडाला स्वतःचं घड्याळ असतं. दिवा रोज ठरल्या वेळी लागला की ते घड्याळ दिव्याशी जुळतं. मग दिव्याची वेळ जवळ आली की पानं आधीच तयार होऊन उभी राहतात.

"आपल्या थोंगसारखं," प्रेव म्हणाली. थोंग हे त्यांचं कुत्रं. थावोर्नची गाडी यायच्या कितीतरी आधी ते फाटकाशी जाऊन बसतं.

"अगदी तस्सं. आचाननी दिव्याची वेळ आपल्या सोयीची, सांजेची लावली. झाड दिवसा झोपतं, सांजेला उठतं. हा त्याच्या उठायच्या वेळी येऊन मंत्र म्हणतो, एवढंच!"

"मग घड्याळ फिरवलं तर?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. आचाननी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, फडक्याला हात लावशील तर आईच्या मागे जाशील.

"मी फिरवते," मी म्हणाले.

"नाही. तुम्ही फिरवलंत तर मी आयुष्यभर घाबरत राहीन."

त्याच संध्याकाळी पाणी घालायला गेली तेव्हा तिनं ते फडकं सोडलं, घड्याळ फिरवलं, दिवा आता सकाळच्या न्याहारीला लागेल असं केलं, आणि फडकं पुन्हा तसंच बांधलं. दिव्याची बदललेली वेळ बाहेर कळू नये म्हणून दाराखालच्या फटीत लुंगी कोंबली. खोलीत दुसऱ्या कुणी जायचं नाही हा आचानचाच नियम होता, तो आमच्या कामी आला. पुढच्या गुरुवारपर्यंत झाडाला नवी वेळ अंगवळणी पडायला पुरेसे दिवस होते. साइंगला तेवढे दिवस होते की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. मी रोज तिच्या दारात जात होते आणि रोज शिव्या खाऊन येत होते.

गुरुवार आला. मंत्र सुरू झाले. पानं लोंबत होती. उदबत्त्या संपल्या, दुसऱ्या लावल्या. पानं लोंबतच होती. आचाननी आवाज चढवला, मग आणखी चढवला. मेण वितळून जमिनीवर पसरलं. कुणीतरी खोकलं. दिवाही लागला नाही. आचानच्या पाठीला पांढरा सदरा घामानं चिकटला.

"कुणीतरी अपवित्र आहे इथे!" ते ओरडले. नाचता येईना अंगण वाकडं. "फडक्याला कुणी हात लावला?"

"मी," प्रेव म्हणाली.

आचान उठून उभे राहिले आणि बोट रोखून म्हणाले, "मग सकाळच्या आत झाड हिला घेऊन जाईल. माझा इलाज संपला."

"आचान, सकाळी न्याहारीच्या वेळी या," प्रेव म्हणाली. "तुम्ही नसलात तरी चालेल. झाड हात जोडील. आणि मी उभी असेन."

आचान थांबले नाहीत. गाडीत बसले आणि धुरळा उडवत गेले. लोक मात्र अंगणातच बसून राहिले. कशाची वाट बघत होते, ते कुणीच बोललं नाही.

गोळी चालू असतानाही फिट येऊ शकते. मला हे ठाऊक होतं, प्रेवलाही ठाऊक होतं. त्या रात्री आली असती तर मी जन्मभर खरं बोलत राहिले असते आणि गावानं कधीच ऐकलं नसतं. मी तिच्या एका बाजूला, थावोर्न दुसऱ्या बाजूला. त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. मला एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

उजाडलं. प्रेव उठली, तोंड धुतलं, दार उघडलं. सगळे पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मंत्र नाही, उदबत्ती नाही. प्रेवनं मेणबत्ती धरली होती. पायांतून वाट काढत थोंग आत आला आणि बादलीपुढे बसून कान खाजवायला लागला.

पानं हलली. हळूहळू वर आली, आडवी झाली, मग टोकं आभाळाकडे. झाडानं हात जोडले. थोंगपुढे!

"थोंग, नमस्कार घे," प्रेव म्हणाली. दिवा लागला. साधु कुणीच म्हणालं नाही.

मग मी सगळं सांगितलं, चिंचेचं, घड्याळाचं, आणि थावोर्नकडे बघून गोळ्यांचंही. तो पुढे झाला, पिवळं फडकं ओढून काढलं. आत बाजारात कुठेही मिळतं तसलं प्लास्टिकचं घड्याळ होतं. तो ते हातात धरून हमसून हमसून रडला.

त्या उजेडातच मला साइंग दिसली. भिंतीला टेकून बसली होती, धापा टाकत. ओठ कोरडे, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. रात्रभर ओकत होती आणि कुणाला बोलली नव्हती.

"थावोर्न, गाडी काढ!"

त्यानंच तिला उचलून गाडीत घातलं आणि अशी गाडी हाणली की मी दांडा धरून देवाचं नाव घेतलं, माझ्यासारखीनं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ काढली नसती. साइंग वाचली. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "बाई, थोंगचा जन्मवार कोणता? आकडा लावते." पण सुई टोचून घेताना आता तक्रार करत नाही.

आचान शेजारच्या जिल्ह्यात गेलेत म्हणतात. तुमच्या गावातही त्यांच्यासारखे असतील, झाड वेगळं असेल एवढंच. चमत्कार दिसला की पाया पडायच्या आधी एकच करा. चमत्कार करणाऱ्याला बाहेर उभं करा आणि पुन्हा पाहा. त्यात कुणाच्या देवाचा अपमान होत नाही. आणि कुणी चालू औषध बंद करायला सांगितलं, तर तो माणूस गुरु नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ते घड्याळ थावोर्ननं टाकलं नाही. स्वयंपाकघरात लहान दिव्याला जोडलंय. प्रेवच्या गोळीची वेळ झाली की दिवा लागतो, सकाळी आणि संध्याकाळी. तो पेला भरून तिच्या हातात देतो आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. हल्ली दिवा लागायच्या आधीच तो पाण्याकडे जायला उठलेला असतो.