कोरड्या वाळूवरचं पहिलं पाणी

वर्षातून जेमतेम दोनदा वाहणारी नदी, पण वाहिली की शहराची झोप उडवणारी. राजस्थानातल्या एका वाळवंटी शहराची ही नदी २००६ साली जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठात दोन लांबलचक टाक्यांत वाळू भरून छोट्या प्रतिकृतीत उभी केली होती. शहरात डांबरी रस्ते वाढले, पावसाचं सगळं पाणी एकदम नदीत उतरायला लागलं, काठ खचले आणि काठावरची अर्धी कुंभारवस्ती गेली. उरलेली वाचवायची कशी, एवढाच प्रश्न होता.

एका टाकीत पद्माकर सान्यांचं उत्तर होतं: सरळसोट काँक्रीटचा कालवा. साने पुण्याचे बडे सल्लागार, तिथल्या नगरपालिकेनं नेमलेले. दुसऱ्या टाकीत ईप्सिताचं: नदीला तिची जुनी वळणं परत द्यायची, काठाला दगडांचे बांध घालायचे, खेजडीची झाडं लावायची. ईप्सिता इथं पीएचडी करत होती. त्या वस्तीत ती एक उन्हाळा राहिली होती. काठाबरोबर कोसळलेल्या चुली तिनं स्वतः पाहिल्या होत्या. आजच्या चाचणीत जे टिकेल तेच बांधायचं, असं ठरलं होतं.

प्रोफेसर क्र्युगर सवयीप्रमाणे खालच्या टोकाचा नळ सोडायला निघाले. प्रयोगशाळेचा रिवाजच तो. आधी खालून हळूहळू पाणी भरायचं, वाळू भिजू द्यायची, मगच वरून पूर सोडायचा. इथल्या बारमाही नद्यांना ते शोभतं. पण साचलेल्या पाण्यावर पूर सोडणं म्हणजे गादीवर बुक्की मारणं, खालच्या वाळूला काय डोंबल कळणार?

ईप्सिता नळाच्या आडवी उभी राहिली. "नाही, हेर प्रोफेसर. वाळू कोरडीच राहील."

"आल्झो... हे बघ, चाचणी अशी सुरू होत नाही," क्र्युगर म्हणाले.

"नदी अशीच सुरू होते."

साने हसले. "अगं, आता यांना शिकवणार का तू? तुझं काँट्रॅक्ट यांच्याच सहीवर आहे ना?"

"आहे ना, सर. म्हणून नदी बदलते का?"

भीती वाटत होतीच, पण चीड त्याहून मोठी होती. तिनं सान्यांच्या टाकीची वरची झडप उघडली.

पाण्याचा लोंढा काँक्रीटमधून सुसाट सुटला आणि कालव्याच्या शेवटी कोरड्या वाळूवर आदळला. तिथं खड्डा पडला, काँक्रीटचं टोक अधांतरी लोंबलं, मोडलं. खड्डा मागे मागे सरकत वस्तीपर्यंत आला आणि लाकडाची इवली घरं एकेक करून त्यात गेली.

"आता तुझं," साने तुटकपणे म्हणाले. "तेही कोरडंच."

"कोरडंच."

आपली नदी तिनं अशी कधी वाहवून पाहिली नव्हती. तशी परवानगीच मिळाली नव्हती. तिनं दुसरी झडप फिरवली. पहिलं वळण फुटलं. दुसऱ्याचे दगड गडगडत गेले. तिसऱ्या वळणाशी मात्र पाणी पसरलं, दमलं, वाळूत मुरायला लागलं. घरं जागच्या जागी राहिली.

"दोन वळणं गेली की गं," साने म्हणाले.

"गेली. पुढच्या पावसातही जातील. वस्तीतले लोक ती परत रचतील, मीही जाऊन त्यांच्याबरोबर दगड उचलीन. तुमच्या खड्ड्यातून त्यांची घरं कोण परत काढणार, सर?"