पडद्याला सिनेमा दिसत नाही

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पडदा म्हटल्यावर खिडकीला लोंबणारं फुलाफुलांचं कापड डोळ्यांपुढे आणू नका. मी सिनेमाचा पडदा! चारी बाजूंनी काळी पट्टी, काठाला पितळी कड्या आणि कड्यांतून ओवलेले दोर, असा माझा थाट. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो. आता सायीसारखा पिवळट झालो आहे आणि अंगावर दोन-तीन ठिगळं आहेत. ताठा मात्र अजून शाबूत आहे.

सुरुवातीलाच तुम्हाला एक गंमत सांगून टाकतो. पडद्याला सिनेमा दिसत नाही. तो माझ्याच अंगावर पडतो, मग मला कसा दिसणार? तुम्हाला तुमचं स्वतःचं कपाळ दिसतं का? उजेड येतो, गुदगुल्या करून जातो, गाणी आणि बोलणी कानांवर पडतात, एवढंच. मला दिसतात ती समोर बसलेली माणसं. मी जन्मभर माणसांची तोंडं पाहिली. कोण हसताना तोंडावर पदर घेतं, कोण रडू लपवायला उगाच खोकतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

माझं कापड गिरणीतलं, शिलाई पुण्यातल्या एका शिंप्याची. शिवून होताच मला सरकारच्या प्रचारगाडीवर धाडलं. गाडीत एक प्रोजेक्टर, कुरकुर करणारा जनरेटर आणि कुशाबा नावाचा एक तरुण मदतनीस. मुळशी खोऱ्यातलाच तो. गावात गाडी शिरली की दोन बांबू रोवायचे, मला ताणून बांधायचं आणि अंधार पडायची वाट बघायची, हे त्याचं काम. चांगलं बियाणं, विहिरीची स्वच्छता, बचत, लसीकरण अशा विषयांवरचे माहितीपट आम्ही दाखवायचो. विषय कुठलाही असो, गर्दी तुडुंब. समोर जागा पुरली नाही की उरलेली मंडळी माझ्या मागच्या बाजूला बसत. तिकडून सगळी माणसं डावरी दिसायची. पण तक्रार कुणी केली नाही. एका गावच्या सरपंचांनी तर प्रोजेक्टरला सोडून मलाच हार घातला होता. प्रोजेक्टर पुढे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता.

मग घरोघरी टीव्ही आले. गर्दी आटली, गाडी भंगारात निघाली आणि कुशाबांनी साहेबांना विचारून मला घरी आणलं. घर मुळशी धरणाजवळच्या वस्तीत. तिथे माझे हाल झाले, मित्रांनो! मळणीच्या दिवसांत भातावर झाकण म्हणून मी, लग्नात आचाऱ्यांच्या चुलीपुढे आडोसा म्हणून मी. एकदा तळ्याकाठच्या रिसॉर्टनं मला शनिवार-रविवारसाठी मागून नेलं. मला वाटलं, सिनेमा! त्यांनी मला पोहणाऱ्या पाहुण्यांच्या ओल्या टॉवेलांमागे टांगलं. त्यानंतर माळ्यावरच्या अंधारात पडून राहिलो, तेव्हा खरं सांगतो, बरंच वाटलं.

कुशाबांच्या बायकोचं नाव अनुसयाबाई. धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना त्या घरगुती जेवण करून घालतात. साठी उलटली आहे, हाताला चव आहे आणि जिभेला धार. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची भाकरी तव्याच्या कडेला पडू लागली, चालताना दाराची चौकट लागू लागली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आहे ती नजर औषधानं टिकवू, गेलेली परत येणार नाही आणि पुढे किती राहील ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

शेजारच्या विहारामागे गौतमी राहते. तिचे वडील शेखर रिसॉर्टमध्ये वायरमन आहेत. गौतमी पुण्याच्या कॉलेजात सिनेमाचा अभ्यास करते. जगभरचे जुने सिनेमे बघायचे, त्यांवर लिहायचं, असा तो अभ्यास. हे सिनेमे मिळवायचे कुठून, या विचारानं ती आधी रडकुंडीला आली होती. मग तिच्या शिक्षिकेनं तिला इंटरनेटवरची चित्रपट-संग्रहालयं दाखवली. हक्कांची मुदत संपलेले सिनेमे, सरकारनं लोकांसाठी खुले केलेले माहितीपट, विद्यापीठांनी आणि संग्रहालयांनी जपून ठेवलेल्या फिती. सगळं मोफत आणि सगळं उजळ माथ्यानं बघता येणारं. चोरून उतरवलेली प्रत बघायची गरजच नाही. गौतमीला हायसं वाटलं. आमच्या अंगणात बसून ती अनुसयाबाईंना या खजिन्याचं कौतुक सांगत होती आणि माळ्याच्या फटीतून मी ऐकत होतो.

अनुसयाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "गौतमी, त्यात आमच्या गावचा शिनेमा घावंल का गं?"

"तुमच्या गावचा? म्हंजे मावशी?"

"मी ल्हान व्हते तवा जीप घिऊन शिनेमावाले आलते माझ्या माहेरी, ह्या पल्याडच्या वाडीत. माझ्या आईचा फोटू काढलाय त्यांनी त्यात. नंतर वरसाच्या आत आई गेली. तिचा दुसरा फोटू न्हाई कुटं. तोंड आठवत न्हाई मला तिचं."

त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "डोळं हायेत तवर एकडाव बघावं म्हन्ते."

कुशाबा ओसरीवरून म्हणाले, "शेतीचा हाय त्यो. भातलावणीचा. समदं गाव सांगतंय. मी गाडीवर नोकरी केलीया, मला इचार."

त्या सिनेमाची गोष्ट खरंच सगळ्या गावाला पाठ होती. शूटिंगवाल्यांनी बायकांकडून एक खाचर लावून घेतलं. मग ढग आले म्हणून लावलेली रोपं उपटायला सांगितली आणि ऊन पडल्यावर तेच खाचर पुन्हा लावायला लावलं! रोप उपटून तेच पुन्हा लावणाऱ्या शहाण्यांना गावानं ज्या शिव्या घातल्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या होत्या. तयार झालेला सिनेमा मात्र गावात कुणीच पाहिला नव्हता.

गौतमी शोधाला लागली. भात, लावणी, मुळशी, मावळ, पुणे जिल्हा. पुण्याचं इंग्रजी नाव जुन्या पद्धतीनं लिहूनही तिनं पाहिलं. शब्द टाकला की यादी येई आणि यादीत जगभरची भातशेती. शंका येईल तो सिनेमा ती कॉलेजच्या इंटरनेटवर उतरवून घेई, कारण आमच्या डोंगरात मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. लॅपटॉपवर अनुसयाबाईंना काहीच दिसेना. "मुंग्या चालल्यात नुसत्या," त्या म्हणाल्या. तेव्हा शेखरना रिसॉर्टच्या अडगळीत पडलेला छोटा प्रोजेक्टर आठवला. मालकांना विचारून त्यांनी तो आणला, खटपट करून सुरू केला. आणि मित्रांनो, मग सगळ्यांना माझी आठवण झाली.

मला माळ्यावरून उतरवलं, धुतलं, अंगणात ताणून बांधलं. अंगावर उजेड पडला तेव्हा मला कसं वाटलं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. भातशेतीचे सिनेमे संपल्यावर गौतमी आपल्या अभ्यासातलेही लावू लागली. बोलपट निघण्याआधीचे विनोदी मूकपट, मधमाश्यांचा एक माहितीपट, बर्फातून जाणाऱ्या आगगाड्या. शेजारीपाजारी चटया घेऊन येऊ लागले. गौतमी तोंडं बघून वहीत काहीबाही लिहून घेई. मूकपटात कुणी चिखलात पडला की कुशाबा एवढे हसत, की कवळी हातात काढून ठेवत. ते म्हणत, "ह्ये बेस. भाषा न्हाई, काय न्हाई, समदं कळतंय!"

हसत नव्हत्या त्या एकट्या अनुसयाबाई. त्या अगदी माझ्यापुढे खुर्ची टाकून बसत. नवा सिनेमा लागला की मान पुढे येई, डोळे बारीक होत आणि थोड्या वेळानं खांदे खाली पडत. ते मला रोज दिसत होतं. मला बोलता येत नाही याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. शेवटी एके दिवशी त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गौतमी. तुजी परीक्षा आलीया. शिनेमा सडून गेला आसंल कुटंतरी."

गौतमीचाही चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात वाळत होतो. माझ्या एका कडीजवळचं कापड फाटलं होतं. अनुसयाबाईंना सुईत दोरा ओवता येईना म्हणून गौतमी ओवून देत होती आणि त्या बोटांनी चाचपत टाके घालत होत्या. झंपरची बाही वर सरकली होती. दंडावर रुपयाएवढा एक खोलगट वण होता.

"हे काय लागलंय मावशी?"

"ही व्हय? देवी टोचल्याती. आमच्या वयाच्या समद्यांना हायेत." दोन टाके घालून त्या पुढे म्हणाल्या, "त्या शिनेमावाल्यांच्याच दिवशी टोचली. माझी आईची आठवन म्हंजे येवडीच बघ. तोंड न्हाई दिसत, हात आठवत्यात. आसं करकचून धरल्यालं मला. मी वरडतीया, पर सोडंना. लई कडक व्हती म्हन्त्यात. माया दिसलीच न्हाई मला तिची."

गौतमीच्या हातातून दोऱ्याचं रीळ घरंगळत गेलं. "मावशी! टोचनारी मानसं आन् शिनेमावाली एकाच जीपमधनं आलती?"

"व्हय की."

"मग शिनेमा देवीच्या लशीचा आसंल! लावणी नुसती गाव दाखवायला घेतली आसंल. ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस कुटं? तू आन् ह्ये, दोघंबी शेतीचंच लावून बसलासा."

ओसरीवर कुशाबांनी तंबाखूची चिमूट हातातच धरून ठेवली. मी मनात म्हटलं, अरे देवा! देवीच्या लशीचे सिनेमे तर आमच्या गाडीवरही होते. त्यांपैकी एखादा हाच असेल, तर ती आई कितीदा तरी माझ्या अंगावरून गेली असेल. मला कळलंही नसेल आणि कुशाबांनी तरी कुठे ओळखावं? तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौतमी कॉलेजातून धावतच आली. एका खुल्या संग्रहालयात देवीच्या लसीकरणाचा माहितीपट सापडला होता. गावाचं नाव नाही, जिल्ह्याचं नाव नाही. "पश्चिम भारतातील एक खेडे" एवढंच वर्णन. "सुरुवातीला खाचरं दिसली, मागं डोंगर दिसला आन् मी बंद केला. पुढं मी बघितलंच न्हाई. आधी तुमी बघा, मावशी."

मला ताणून बांधलं. उजेड पडला. बाजा वाजला, हिंदीत एक भारदस्त आवाज बोलू लागला. कुशाबा खुर्चीतून अर्धे उठले. "त्यो डोंगर बघ! आपलाच! लावणी चाललीया... म्हनलं न्हवतं मी, शेतीचा हाय!"

"गप बसा वो," अनुसयाबाई म्हणाल्या.

आवाज देवीच्या रोगाबद्दल सांगू लागला. समोरची तोंडं पुढे झुकली. अनुसयाबाई उठल्या आणि चालत अगदी माझ्या जवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास मला लागला.

"थांबव!" त्या ओरडल्या.

गौतमीनं चित्र थांबवलं. अनुसयाबाईंनी हात वर केला आणि माझ्या अंगावर एका जागी टेकवला. जन्मभर एवढ्या माणसांनी मला पाहिलं, पण असा हात कुणी लावला नव्हता. त्या हळूहळू, बोटानं दाखवत बोलू लागल्या. "ही मी. तोंड वासून रडतीया. आन् ही... ही आई. गौतमी, तुला दिसतंय का नीट? तिनं डोळं मिटल्यात का गं?"

"व्हय मावशी. घट्ट मिटल्यात. तिच्या गालावर पानी हाय."

गौतमीनं चित्र पुढे सोडलं आणि तीच सांगत राहिली. सुई लागली. आईनं डोळे उघडले. मग ती मुलीच्या दंडावर फुंकर घालत राहिली. टोचणारी बाई "झालं, पुढं व्हा" म्हणून हात हलवत होती, तरी ती तिथून हलली नाही, फुंकर घालतच होती.

अनुसयाबाई हसल्या. काय हसल्या म्हणून सांगू! "आगं बया, ही तर माझ्यापरीस जास्त भ्यालीया! माझ्यासाठी रडतीया की ही. आन् मी जलमभर तिला कडक म्हनत बसले!" मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पुन्ना लाव."

पुन्हा लागला. पुन्हा लागला. शेजारी जेवायचे विसरले. कुशाबा उगाच खोकत होते.

गौतमीनं त्या संग्रहालयाला कळवलं. हे गाव कुठलं, ही लहान मुलगी कोण आणि तिला कडेवर घेतलेली बाई कोण, ते सगळं. आईचं नाव सांगताना अनुसयाबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं, "धोंडाबाई. नीट लिव्ह. कुनाला पुन्ना हुडकाया लागू नये." संग्रहालयानं आभार मानले आणि वर्णनात ते नाव घातलं. आता मुळशी असा शब्द टाकला की धोंडाबाई सापडतात.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. हे खजिने तुमच्यासाठी उघडे आहेत. अभ्यासाला वापरा, करमणुकीला वापरा; पण फुकट मिळतं म्हणून हलकं मानू नका. एका शब्दानं नाही सापडलं तर दुसऱ्यानं शोधा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. ओळखीचं गाव, ओळखीचं माणूस दिसलं तर नाव कळवा. आणि हो, घरात एखादा जुना पडदा असेल, तर त्याला कृपा करून टॉवेलांमागे टांगू नका.

अनुसयाबाईंची नजर आणखी कमी झाली आहे. तरी सिनेमाच्या दिवशी त्या माझ्यापुढे खुर्ची टाकून बसतात. परवा गौतमीनं काळजीनं विचारलं, "मावशी, दिसतंय का काही?"

"न्हाई दिसत फारसं," त्या आरामात मागे टेकून म्हणाल्या. "चालतंय गं. मला बघायचं व्हतं ते बघून झालंय."