मोर्शीची तपासणी

अकोल्यात डॉक्टर सूर्यभानकडे दुखऱ्या दातांची रीघ असायची, पण दातांवर दोन शब्द बोलावेत असं माणूस नव्हतं. बायको वारलेली, पोरबाळ नाही. उरला एकटा खुशालराव, अमरावतीचा दातांचा डॉक्टर. दर रविवारी गाडीनं यायचा. दोघं मिळून पिठलं-भाकर करायचे आणि हिरड्यांवरून तावातावानं भांडायचे. बाकी आठवडा सूर्यभान भिंतींशी बोलायचा, खोटं कशाला सांगू.

बासष्ट साली खुशालरावानं निंबाच्या काडीनं दात घासण्यावर झालेल्या साऱ्या संशोधनाचा आढावा लिहिला. मुंबईच्या मासिकानं तो पारखायला सूर्यभानकडेच धाडला.

"तुयाकडंच आला म्हणे," खुशालराव भाकर मोडत म्हणाला. "देऊन टाक पास करून."

"वाचतो ना भाऊ."

सोमवारी दुपारी तो वाचायला बसला. भाषा झकास होती. पण आढावा पारखायचा तर आधी त्यात काय नाही ते बघायचं, हे त्याला खुद्द खुशालरावानंच शिकवलं होतं. बघतो तर काडीचं कौतुक करणारं झाडून सारं संशोधन आत, आणि मोर्शीची तपासणी तेवढी गायब. काडीनं हिरड्या सोलवटतात असं सांगणारी ती एकच तपासणी, आणि केली होती या दोघांनीच. एका सायकलवर डबलसीट, मोर्शीच्या आसपास गावोगाव हिंडून, लोकांना ओसरीवर बसवून आ करायला लावलं होतं. सूर्यभानच्या जन्मातले तेच काय ते सुखाचे दिवस. ते या बाबानं खुशाल गाळून टाकले. सूर्यभानला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं.

पास केलं तर रविवार शाबूत. नाही केलं तर कोण येणार होतं त्याच्या दाराशी? आठवडाभर जेवण गेलं नाही. शेवटी लिहिलं: विरोधातली तपासणी वगळली आहे, आढावा भरवशाचा नाही.

मासिकाचा नकार अमरावतीला पोचला, आणि त्या रविवारी गाडी आली, खुशालराव आला नाही. पुढच्याही नाही. सूर्यभान स्वतः अमरावतीला गेला.

"रोगी बसून राहिले, मंग बोलू," खुशालराव मान वर न करता म्हणाला. बाकावर एक म्हातारी तेवढी होती. सूर्यभान आल्या गाडीनं परतला.

दिवाळीनंतर तोच आढावा सुधारून पुन्हा त्याच्याकडे आला. आता त्यात खोट काढायला जागा नव्हती. मोर्शी आत होती, निष्कर्षही फिरवला होता. माणूस रागीट असला तरी लबाड नव्हता. फक्त तपासणीपुढं नाव एकट्या सूर्यभानचं होतं. स्वतःचं नाव खुशालरावानं काढून टाकलं होतं.

 सूर्यभाननं डोळे पुसून अभिप्राय लिहिला: आढावा उत्तम आहे, जरूर छापावा. एकच दुरुस्ती. मोर्शीच्या तपासणीत मी एकटा नव्हतो.