शेवंतीबाईंचं पान

शेवंतीबाई एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या आणि तेराव्याला त्यांच्या लेकानं, हितेंद्रनं, त्यांना संत करून टाकलं. लालबागच्या टॉवरखाली भलामोठा बॅनर लागला. मधोमध हितेंद्र हात जोडून उभा, आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी आई. वर मथळा, 'त्यागमूर्ती, सात्त्विक माता'.

सात्त्विक म्हणे! बॅनरपुढे उभी असलेली त्यांची नात प्राची मनातल्या मनात थुंकली. उभा जन्म वेंगुर्ल्याच्या बाजारात सुकी मासळी विकलेली बाई! नवरा गेल्यावर दोन पोरं वाढवली ती सुकटीवरच. भावात कुणी फारच घासाघीस केली, तर त्याच्या सात पिढ्या बाजारात उभ्या करायची. तरी अख्खा बाजार तिच्यावर जीव टाकायचा. कुणाची लेक बाळंतपणात अडली की पहिला निरोप शेवंतीला. आणि हा दिवटा माईकवरून सांगत होता, "आमच्या आईनं आयुष्यात मासळीला हात लावला नाही!"

हितेंद्रकाकानं दोन वर्षांपूर्वी गळ्यात माळ घातली होती. निवडणुकीचं तिकीट हवं असलं की माणसाला भक्ती चटकन सुचते. जेवणात पनीर, गुलाबजाम, वर चाटचा स्टॉल. आईच्या तेराव्याला पाणीपुरी! लोकही असे निर्लज्ज, की रांग लावून खात होते.

प्राचीच्या जिवाला एकच घोर होता. आजारपणात आजीनं तिचा हात धरून बजावलं होतं, "गो, माझ्या पानार बांगडो व्हयो. नायतर भूत होऊन येतलंय." प्राचीनं शब्द दिला होता. आणि काकानं सकाळीच दम भरला होता, "आज घरात मासळीचा वास आला ना, तर बघ. चारचौघांत शोभा होईल माझी."

तिनं खिडक्या लावून बांगडा तळला. भात, सोलकढी, लिंबाची फोड वाढली आणि पान गच्चीत नेऊन ठेवलं. पाण्याच्या टाकीवर कावळा बसलेलाच होता. "ये गो आजी," ती म्हणाली.

तेवढ्यात जिन्यातून हितेंद्र आला. पांढरा, कडक इस्त्रीचा झब्बा. "तुला सांगितलं होतं ना मी..." पुढचं राहिलंच. नाकानं त्याचा घात केला. तो पानापुढे फतकल मारून बसला.

"अहो काका, आजीचं आहे ते!"

तोवर त्यानं तुकडा तोडला होता. माळ पाठीवर टाकून खाल्लं त्यानं, काटे चोखत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आई गं... सेम तिच्या हातचं." मग लिंबू चोळून त्यानं बोटं हुंगली. "खाली कुणाला बोलू नको हां," म्हणाला आणि सात्त्विक मातेचा सुपुत्र परत माईककडे गेला.

प्राचीला त्याची किळस आली. रडणं खोटं असतं तर निदान बरं वाटलं असतं.

पानावर मधला काटा आणि डोकं उरलं होतं. उष्टं पान ती उचलणार, इतक्यात कावळा झपकन उतरला आणि डोकं घेऊन उडाला. वेंगुर्ल्याला एक बांगडा तिघांत व्हायचा, असं प्राचीचे बाबा सांगायचे. मांस पोरांना, डोकं आईला. "माका टकलीच गोड लागता," म्हणायची.

मेल्यावरही लेकानं तिला तेच ठेवलं.